पाच बहिणी, एक नवरी: योत्सुबाच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ‘द क्विंटेसेन्शियल क्विंटुप्लेट्स’ या मांगाचे, म्हणजे जपानी कॉमिक्सचे, चौदाही खंड तुम्ही सलग वाचले. पाच बहिणींतली मिकु मनात भरली होती. शेवटी योत्सुबा नवरी निघाली आणि तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं. लेखकानं ऐनवेळी नाणं उडवून ठरवलं का? हॅरम मांगा, म्हणजे एका मुलाभोवती अनेक मुली असणाऱ्या, सगळ्या अशाच असतात का? आणि नववीतल्या भाचीला ही वाचायला द्यावी का?

मी कॉमिक्सचे स्टोरीबोर्ड करतो, शिकवतोही. या मांगाची पहिली काही प्रकरणं मी विद्यार्थ्यांसमोर चौकट-चौकट करून उलगडतो, त्यामुळे ती माझ्या हाताखालून बऱ्याचदा गेली आहेत. त्या बळावर सांगतो: शेवट ऐनवेळी ठरलेला नाही. तो पहिल्याच प्रकरणात बसवलेला आहे. तरीही तुम्हाला वाटलं ते खोटं नाही. लेखकानं रहस्य राखण्यासाठी एक किंमत मोजली आणि ती योत्सुबाच्या खात्यातून मोजली. खाली शेवट उघड करूनच बोलणार आहे, तेव्हा ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी इथेच थांबावं.

आधी चौकट मांडतो. नेगी हारुबा यांची ही मांगा कोदान्शा या प्रकाशनाच्या ‘वीकली शोनेन मॅगझिन’मध्ये ऑगस्ट 2017 ते फेब्रुवारी 2020 अशी चालली. 122 प्रकरणं, 14 खंड. 2019 साली तिला शोनेन, म्हणजे किशोरांसाठीच्या, विभागातला कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला. फुतारो उएसुगी हा वर्गात पहिला येणारा, तोंडाचा फटकळ, घरात कर्ज असलेला मुलगा. त्याला घसघशीत पगाराची शिकवणी मिळते. शिकवायचं कुणाला, तर एकाच वेळी जन्मलेल्या पाच श्रीमंत बहिणींना: इचिका, निनो, मिकु, योत्सुबा, इत्सुकी. पाचही दिसायला एकसारख्या, पाचही नापास होण्याच्या बेतात. पहिल्याच प्रकरणात भविष्यातला लग्नाचा दिवस दाखवून लेखक सांगून टाकतो की यांतली एक पुढे फुतारोची नवरी होणार आहे. कोण, ते मात्र लपवतो.

इथेच बहुतेक वाचक एका वाटेनं जातात आणि लेखक दुसऱ्या. वाचक गुण मोजायला बसतो. कुणी किती वेळा कबुली दिली, कुणी जास्त सोसलं, कुणाचे प्रसंग जास्त गोड. हॅरम प्रकारानं आपल्याला तीच सवय लावली आहे. एक मुलगा, भोवती चार-पाच मुली, आठवड्याला साधारण वीस पानं, आणि प्रत्येक आठवड्यात कुणाचं तरी पारडं जड. लेखकाचा प्रश्न वेगळा आहे. पाच मुली अगदी सारख्या दिसत असतील, तर एकीला ‘ओळखणं’ म्हणजे नेमकं काय? बहिणींच्या घरात आईपासून चालत आलेलं म्हणणं आहे की प्रेम असेल तर आपोआप ओळखता येतं. ही मांगा हे एकच म्हणणं चौदा खंड तपासून पाहते.

याचा सगळ्यात नेमका पुरावा प्रेमप्रसंगात सापडत नाही. तो उत्तरपत्रिकांमध्ये आहे. फुतारो सुरुवातीला पाचही जणींची चाचणी घेतो. इचिकाला 12, निनोला 20, मिकुला 32, योत्सुबाला 8, इत्सुकीला 28. बेरीज बरोबर 100. वाचताना हा विनोद वाटतो, पाच जणी मिळून एका हुशार मुलाएवढ्या! पण थोड्या वेळानं मिकु त्याला सांगते की पाचांत मीच सगळ्यात कमी आहे, मला जे जमतं ते इतरांनाही जमणारच. तेव्हा फुतारो त्याच उत्तरपत्रिका पुढे करतो. पाचही जणींनी बरोबर सोडवलेला एकही प्रश्न सामाईक नाही. एकीला आलेलं दुसरीला आलेलं नाही. मग तो मिकुचंच वाक्य उलटवतो: इतरांना जे जमतं, ते तुलाही जमेल. म्हणजे त्याच कागदांमधून सारखेपणाही सिद्ध होतो आणि वेगळेपणाही. पटकथा शिकवताना मी नेहमी म्हणतो की पात्रांचा स्वभाव संवादात सांगण्यापेक्षा एखाद्या वस्तूत बसवावा. इथे पाच पात्रांची अख्खी मांडणी पाच कागदांत बसली आहे.

चित्रांतही तोच विचार आहे. हारुबांनी चेहरा एकच ठेवला. फरक केले ते केसांत आणि अंगावरच्या वस्तूंत. इचिकाचे आखूड केस, निनोच्या फुलपाखरासारख्या फिती, मिकुच्या गळ्यातला हेडफोन, योत्सुबाची सशाच्या कानांसारखी उभी हिरवी फीत, इत्सुकीच्या केसांतल्या चांदण्या. वाचक या खुणांवर विसंबतो आणि फुतारोही. मग लेखक खुणा काढून घेतो. अंघोळ करून डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या बहिणी समोर आल्या की फुतारोला एकही ओळखता येत नाही, आणि आपल्यालाही येत नाही. नायकाची अडचण वाचकाच्या डोळ्यांत उतरवणं हे मांगाच्या माध्यमालाच जमतं. ॲनिमेत, म्हणजे याच मांगावरच्या ॲनिमेशन मालिकेत, आवाज ऐकू येतात, प्रत्येकीला वेगळी कलाकार असते, त्यामुळे अर्धं कोडं तिथेच सुटतं. म्हणून ज्यांनी फक्त ॲनिमे पाहिली त्यांना मी मांगा वाचायला सांगतो. शिवाय 2021 चा दुसरा सीझन बारा भागांत फार घाईनं आटोपलेला आहे. इचिका मिकुच्या बाबतीत जे करते त्याची सगळी बोच त्या घाईत गेली.

आता पात्रांकडे येतो. पाचांना सारखी जागा देणार नाही, कारण लेखकानंही दिलेली नाही.

निनो ही या मांगातली सगळ्यात धाडसी रचना आहे. ती सुरुवातीला फुतारोच्या पाण्यात झोपेचं औषध मिसळते. हा प्रसंग मला आजही खटकतो. विनोद म्हणून तो झेपत नाही आणि लेखक त्याच्या परिणामाकडे नीट वळतही नाही. पण तिचा राग कुठून येतो हे हळूहळू कळतं. पाच बहिणींचं घर हेच तिचं जग आहे आणि हा परका मुलगा त्यात फट पाडतोय. घर सोडून हॉटेलात राहायला गेल्यावर ती लांब केस कापते. लहानपणापासूनच्या सारखेपणाला तिनं घट्ट धरून ठेवलेलं असतं, तेच ती स्वतः सोडते. मग मोटारसायकलवर मागे बसून ती कबुली देते. वाऱ्यामुळे फुतारोला ऐकू जात नाही. रोमँटिक कॉमेडीत इथे नायिका नेहमी ‘काही नाही’ म्हणते आणि पुढचे दहा खंड तेवढ्यावर चालतात. निनो गाडी थांबल्यावर पुन्हा म्हणते, स्पष्ट, तोंडावर. न ऐकलेली कबुली हा या प्रकारातला सगळ्यात झिजलेला डाव आहे. हारुबांनी तो मोडला आणि त्या क्षणापासून मांगाचा वेग बदलला. निनोनंतर इतर बहिणींना गप्प बसणं परवडेनासं होतं.

मिकु तुम्हाला आवडली यात नवल नाही. जपानमध्येही तिचे चाहते मोठ्या संख्येनं आहेत. सेनगोकु, म्हणजे जपानमधल्या यादवी युद्धांच्या, काळातल्या सरदारांचं वेड, ते लपवण्याची लाज, आणि त्या वेडातूनच फुतारोशी पडलेली गाठ. तिची वाढ सगळ्यात वाचनीय आहे, कारण ती प्रत्येक टप्प्यावर दिसते. आधी ती धड काही शिजवू शकत नाही. निनो आणि तिची स्वयंपाकाची चढाओढ लागते तेव्हा तिचं ऑम्लेट पाहूनच भूक जाते, आणि फुतारोला दोन्ही पदार्थ सारखेच चांगले लागतात. पुढे ती बेकरीत काम धरते आणि खरोखर चांगला पाव करायला शिकते. ‘मी पाचांत सगळ्यात कमी’ म्हणणारी मुलगी शेवटी आपल्या कामाची वाट निवडते. तिची गोष्ट पूर्ण होण्यासाठी फुतारोनं तिला निवडण्याची गरजच उरत नाही. तुम्हाला हे पटायला जड जाईल, पण मला तिच्या गोष्टीत कुठेही भोक दिसत नाही. तिला नवरा मिळाला नाही, बाकी सगळं मिळालं.

इचिकावर वाचक फार कठोर होतात. ती एकदा मिकुचा वेश घेऊन फुतारोला सांगते की इचिकाला तू आवडतोस, तुमची जोडी शोभते, माझा पाठिंबा आहे. बहिणीच्या चेहऱ्यानं बहिणीचा काटा काढायचा! हे वाईटच आहे आणि लेखक ते वाईट म्हणूनच दाखवतो. पण ज्या मांगाचा पाया सारख्या चेहऱ्यांचा आहे, तिच्यात कुणीतरी कधीतरी तो चेहरा हत्यार म्हणून वापरणारच होतं. ते थोरलीच्या हातून व्हावं, जी अभिनेत्री आहे, जी छोट्या घराचं भाडं भरते, जिनं इतरांसाठी मागे सरायचं हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे, ही निवड मला फार योग्य वाटते. हॅरम मांगात नायिका एकमेकींशी भांडतात ते बहुधा गंमतीपुरतं. इथे खरोखर कुणाला तरी लागतं.

इत्सुकी प्रेमकथेत सगळ्यात फिकी आहे. फुतारोला ती पहिली भेटते, आणि तरी तिच्या मनातली ओढ तिला स्वतःला कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. तिची गोष्ट आईची आहे. वारलेल्या आईची जागा भरून काढण्याचा प्रयत्न, आईसारखं शिक्षक व्हायचं स्वप्न, आणि पाच मुली होणार कळल्यावर पळून गेलेला जन्मदाता. ती प्रकरणं प्रेमकथा म्हणून वाचलीत तर कंटाळा येईल.

आता योत्सुबा.

पहिलं प्रकरण पुन्हा उघडा. फुतारोची 100 गुणांची उत्तरपत्रिका परत आणून देणारी मुलगी योत्सुबा आहे. त्या वेळी ती चकित झालेली दिसते आणि आपण समजतो की गुण बघून चकित झाली असेल. अकराव्या खंडाच्या आसपास तिच्या भूतकाळाची प्रकरणं येतात आणि त्या चेहऱ्याचा अर्थ बदलतो. सहा वर्षांपूर्वी क्योतोत चुकामूक झालेली असताना फुतारोला भेटलेली मुलगी तीच. दोघांनी खूप अभ्यास करायचं एकमेकांना वचन दिलेलं. त्यानं ते पाळलं, हातातला कागद त्याचीच साक्ष. तिनं पाळलं नाही, तिला पुढे 8 गुण मिळतात. ती त्याला पहिल्याच क्षणी ओळखते आणि गप्प राहते.

का गप्प राहते, हे कळलं की तिचं सगळं वागणं उलगडतं. क्योतोहून परतल्यावर बहिणींपासून वेगळं दिसायचं म्हणून फीत बांधणारी पहिली तीच. मी वेगळी आहे, मी खास आहे, या ईर्षेनं ती आधीच्या शाळेत खेळांच्या मागे लागली आणि परीक्षेत बुडाली. शाळेतून जाण्याची वेळ आली तेव्हा इतर चौघींनी आपणही कॉपी केली असं सांगून तिच्यासोबत शाळा सोडली. वेगळं व्हायला निघालेल्या मुलीला सारखेपणानं वाचवलं. तेव्हापासून ती स्वतःला देणेकरी समजते. कुणालाही नाही म्हणत नाही, बहिणींच्या वाटेत येणार नाही असं तिनं ठरवलेलं असतं. फुतारोला शिकवणीत पहिल्या दिवसापासून साथ देणारी एकटी तीच, आणि आपण त्याला तिचा भाबडेपणा समजून पुढे जातो. लेखकानं तिला विनोदी पात्राच्या जागी उभं केलं, म्हणून आपली नजर तिच्यावरून घसरली. पाचांमध्ये आपण तिला ओळखलं नाही. वाचक म्हणून आपली परीक्षा होती ती हीच, असं मी मानतो.

आजोबांच्या सरायीतलं घंटेचं प्रकरण याच धाग्यावर वाचा. पाचही जणी इत्सुकीच्या वेशात वावरत असतात. फुतारो धडपडत मिकुला ओळखतो, आणि शेवटी घंटेपाशी धावत येणारी एक ‘इत्सुकी’ अडखळून त्याच्यावर पडते, ओठ टेकतात. कोण ते दाखवलेलं नाही. वाचक वर्षभर वाद घालत बसले. ती योत्सुबा होती. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की वचनांची घंटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी, आपली फीत काढून, दुसऱ्या बहिणीच्या रूपात असतानाच तिच्याकडून ते घडतं. स्वतःच्या चेहऱ्यानं ती तोवर काहीच मागत नाही.

मग तुमची फसवणूक झाल्याची भावना कुठून आली? इथे लेखकाला दोष द्यायला हवा. नवरी कोण हे शेवटपर्यंत झाकायचं तर नवरीच्या मनात शिरता येत नाही. निनोचं मन आपण खंडोखंडी पाहिलं, मिकुचं पाहिलं, इचिकाचं काळोखासकट पाहिलं. योत्सुबाचं मन गोष्ट बरीच सरल्यावर, थोड्या प्रकरणांत, भूतकाळाच्या रूपात मिळालं. तर्क पक्का आहे, दुवे सगळे आहेत, पण जीव जडायला जो वेळ लागतो तो वाचकाला दिला गेला नाही. कोडं बांधणाऱ्या लेखकानं प्रेमकथा लिहिणाऱ्या लेखकाचा वेळ खाल्ला. उलट बाजूही सांगतो. फुतारोच्या बाजूनं मात्र हात आखडलेला नाही. बालपणीची भेट हे त्यानं निवडीचं कारण म्हणून पुढे केलेलं नाही. गेल्या वर्षभरात आपण कोलमडत होतो तेव्हा आपल्याला कुणी धरून ठेवलं, त्याबद्दल तो बोलतो. नशिबात होतं म्हणून लग्न, ही सोपी पळवाट त्यानं टाळली, याबद्दल मला या मांगाचा आदर वाटतो.

शाळेच्या शेवटच्या महोत्सवाची प्रकरणंही याच दृष्टीनं बघा. लेखक एकेका बहिणीच्या नावानं तो महोत्सव पुन्हा सांगतो आणि बहुतेकींच्या वाट्याला एक चुंबन येतं. काहींना ही चाहत्यांची समजूत काढण्याची युक्ती वाटते. त्याच सुमाराला ‘शोनेन जंप’ या नियतकालिकात ताइशी त्सुत्सुई यांची ‘वुई नेव्हर लर्न’ चालू होती, तीही शिकवणीचीच गोष्ट. तिथे एक शेवट दाखवून झाल्यावर लेखकानं इतर नायिकांसाठी समांतर शेवटही रंगवले, प्रत्येकीला आपापला नायक मिळाला. वाचक खूश झाले असतील, पण मला त्यात निवडीचं वजनच हरवलेलं दिसतं. हारुबांनी पाच महोत्सव रंगवले ते निरोप म्हणून. पाचही एकाच काळात घडतात, आणि त्यानंतर फुतारो एकाच खोलीच्या दारात जातो. योत्सुबा आधी पळ काढते, हेही तिच्या स्वभावाला धरूनच.

लग्नाच्या दिवशी पाचही जणी नवरीच्या पोशाखात उभ्या राहतात आणि फुतारोला ओळखायला सांगतात. तो एकेकीला अचूक ओळखतो, एकेकीला तिचंतिचं बोलतो. एकही चुकत नाही. लक्षात घ्या, तो फक्त बायकोला ओळखत नाही, पाचही जणींना ओळखतो. प्रेम असेल तर ओळखता येतं, हे घरचं म्हणणं पाचांनाही लागू पडतं, आणि म्हणून मी या मांगाला हरलेल्या चौघींची गोष्ट म्हणत नाही. टॉवेल गुंडाळलेल्या पाच मुलींपुढे गोंधळलेला मुलगा आठवा आणि हे पान पुन्हा बघा.

‘सगळ्या हॅरम मांगा अशाच का’ याचं उत्तर: नाही. बऱ्याचशा मांगांत नायक कोरा असतो, कुणीही त्याच्या जागी स्वतःला बसवावं म्हणून. फुतारोला गरज आहे, धाकटी बहीण राइहा आहे, कर्ज आहे, उद्धटपणा आहे, आणि शिकवण्याचं काम तो मनापासून करतो. मुली त्याच्या प्रेमात पडतात कारण तो त्यांच्यासाठी काहीतरी करताना दिसतो. शिवाय बहिणींचं आपसातलं नातं प्रेमकथेपेक्षा जुनं आणि खोल आहे. शिकवणी टिकावी म्हणून त्या सावत्र वडिलांचं आलिशान घर सोडून छोट्या घरात राहायला जातात, तो भाग मला तरी कुठल्याही कबुलीपेक्षा जास्त आवडतो. या प्रकारातलं दुसरं काही वाचायला घ्याल तेव्हा दोनच गोष्टी बघा: नायकाला प्रेमाशिवाय दुसरं काही काम आहे का, आणि नायिका नायक नसताना एकमेकींशी काय बोलतात. पहिल्या दोन खंडांत दोन्हीचं उत्तर मिळालं नाही तर पुढे सहसा मिळत नाही.

भाचीबद्दल. नववीतल्या मुलीला द्यायला माझी हरकत नाही. स्नानगृह, टॉवेल, अंगावर पडणं असले प्रसंग सुरुवातीच्या खंडांत आहेत, त्यापुढे लेखक जात नाही. औषध मिसळण्याच्या प्रसंगावर मात्र तिच्याशी बोला. हे मांगात हसण्यावारी नेलेलं आहे, प्रत्यक्षात तो गुन्हा आहे, हे मोठ्या माणसानं एकदा सांगितलेलं बरं. तिला आधीच नवरी कोण ते सांगू नका. तुम्ही स्वतः दुसऱ्यांदा वाचणार असाल तर पहिला खंड, मग सरायीची प्रकरणं, मग योत्सुबाचा भूतकाळ, या क्रमानं वाचा. मधलं सगळं गाळलं तरी चालेल. आणि पहिल्या खंडात योत्सुबा ज्या ज्या चौकटीत मागे उभी आहे, तिथे तिची नजर कुठे आहे ते पाहत जा.